जागा विकत घेणारे पालक : देणगीपासून व्यापमपर्यंत

भारतातील व्यावसायिक शिक्षणाच्या इतिहासात तीन पक्ष नेहमी समोर येतात : राज्यसरकार, संस्थाचालक आणि न्यायालय. विद्यार्थी चौथा, तोही याचिका घेऊन आला तर दिसतो. पाचवा एक पक्ष आहे. हा सारा व्यवहार त्याच्याच पैशावर उभा राहिला, पण कायद्याच्या कलमांत, समित्यांच्या अहवालांत किंवा निकालपत्रांत तो क्वचितच आढळतो. हा पक्ष म्हणजे पालक. आपल्या मुलाला गुणांवर न मिळणारी जागा पैशाने मिळवून देणाऱ्या पालकाचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. गेल्या चार दशकांत या व्यवहाराचे नाव अनेकदा बदलले. देणारा मात्र तोच राहिला.

या व्यवहाराचा आरंभ गुन्हा म्हणून झाला नव्हता, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. डॉ. टी. एम. ए. पै यांनी १९५३ मध्ये मणिपाल येथे कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले, तेव्हा सरकारजवळ नवी वैद्यकीय महाविद्यालये काढण्याइतका पैसा नव्हता. विद्यार्थ्यांच्या कुटुंबांनी वर्गणी द्यावी आणि त्यातून संस्था उभी राहावी, ही कल्पना त्या काळी लोकांना परोपकाराच्या जवळची वाटली. पुढे कर्नाटकात अशी महाविद्यालये वाढली. महाराष्ट्रातील सधन शेतकरी, व्यापारी व डॉक्टर आपल्या मुलांना घेऊन सीमा ओलांडू लागले. आपला पैसा आणि आपली मुले दोन्ही परराज्यात जातात, मग तीच सोय येथे का नको, असा युक्तिवाद महाराष्ट्रात होऊ लागला. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदान तत्त्वावर खासगी व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी दिली. साखरसम्राटांच्या महाराष्ट्रात 'शिक्षणसम्राट' हा शब्द रुळला, तो यानंतर. भाषेने हा शब्द संस्थाचालकासाठी घडवला. देणगी देणाऱ्यासाठी तिने काही घडवले नाही. त्याच्या कृतीला 'डोनेशन भरणे' एवढेच म्हटले गेले, जणू काही विजेचे बिल भरावे तसे.

त्याच सुमारास बंदीचे कायदेही आले. आंध्र प्रदेशाने १९८३ मध्ये, कर्नाटकाने १९८४ मध्ये आणि महाराष्ट्राने १९८७ मध्ये कॅपिटेशन फीला बंदी घातली. या तिन्ही कायद्यांची भाषा बारकाईने वाचण्यासारखी आहे. बंदी आहे ती शुल्काच्या वसुलीवर. संस्थेने किंवा संस्थेच्या वतीने कोणी ते घेऊ नये, असे कायदा म्हणतो. देणाऱ्याकडे कायद्याने पाहिले ते अडलेला, नाडलेला माणूस म्हणून. काही बाबतींत ते खरेही होते. शेत गहाण टाकून मुलाला इंजिनिअर करणारा बाप आणि तिजोरीतून बंडले काढून देणारा बाप हे दोघे एकाच पावतीवर, किंवा खरे सांगायचे तर पावती नसलेल्या एकाच व्यवहारात येत. कायद्याला या दोघांत फरक करता आला नाही. करायचाही नव्हता, असे म्हटले तर चुकीचे ठरणार नाही, कारण दुसऱ्या प्रकारचा बाप बहुधा कायदा करणाऱ्यांच्याच ओळखीचा होता.

याचा प्रत्यय मुंबईत १९८६ मध्ये आला. मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेत मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील-निलंगेकर यांच्या मुलीच्या गुणांत फेरफार झाल्याचा आरोप उच्च न्यायालयापुढे आला. एकसदस्यीय न्यायासनाने ताशेरे ओढल्यानंतर मार्च १९८६ मध्ये मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मुख्यमंत्र्यांचा त्या फेरफाराशी थेट संबंध दाखवणारा पुरावा नाही, हे डिसेंबर १९८६ च्या निकालात न्यायालयाने मान्य केले. तथापि फेरफार त्यांना खूश करण्यासाठी किंवा त्यांच्या सांगण्यावरून झाला असावा, असा दाट संशय राहतो, त्यामुळे त्यांना निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र देता येणार नाही, असेही म्हटले. हे प्रकरण प्रवेशाचे नव्हते, परीक्षेचे होते. तरी येथे त्याचे महत्त्व वेगळे आहे. मुलीच्या गुणांबद्दल बापाला जबाब द्यावा लागला, असे फार थोडे प्रसंग सापडतात. बाप मुख्यमंत्री नसता तर तो निकालपत्रात आलाच नसता.

१९९२ नंतरचा इतिहास प्रामुख्याने सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा आहे. मोहिनी जैन खटल्यात (३० जुलै १९९२) कर्नाटक सरकारची १९८९ ची अधिसूचना न्यायालयापुढे होती. तिच्यानुसार खासगी वैद्यकीय महाविद्यालयातील सरकारी जागेचे वार्षिक शुल्क २,००० रुपये, कर्नाटकातील इतर विद्यार्थ्यांचे २५,००० रुपये आणि परराज्यातील विद्यार्थ्यांचे ६०,००० रुपये ठरले होते. कॅपिटेशन फीवर १९८४ पासून बंदी होती, म्हणून तीच रक्कम 'शिक्षणशुल्क' या नावाने आली होती. नाव बदलले तरी ही कॅपिटेशन फीच आहे, असे न्यायालयाने ठरवले. सहा महिन्यांतच उन्नीकृष्णन खटल्यात (४ फेब्रुवारी १९९३) पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एक योजना घालून दिली : निम्म्या जागा 'फ्री सीट', निम्म्या 'पेमेंट सीट', दोन्हींचा प्रवेश गुणानुक्रमे, आणि पैसे भरणाऱ्याच्या शुल्कातून मोफत जागेवरील मुलाचा खर्च भागवायचा. कागदावर ही योजना न्याय्य होती. व्यवहारात उलटेच घडले, आणि टी. एम. ए. पै फाउंडेशन खटल्यात (३१ ऑक्टोबर २००२) अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ते नोंदवले. चांगल्या शहरी शाळांतून आणि खासगी शिकवण्यांतून आलेली मुले गुणवत्ता यादीत वर जात व मोफत जागा मिळवत; ग्रामीण, कमी सोयीच्या शाळेतील मुलगा पैसे भरून शिके. म्हणजे गरिबाने श्रीमंताचे शिक्षण चालवले. महाविद्यालयात शिकवणाऱ्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. पैसा प्रवेशाच्या दिवशी खिडकीतून आत येतो तेव्हा त्याला लाच म्हणतात; तोच दोन वर्षे आधी कोचिंग क्लासच्या दारातून आत आला, तर त्याची गुणवत्ता होते.

येथून पुढे हा इतिहास अल्पसंख्याक संस्थांच्या अंगणात येतो. टी. एम. ए. पै निकालाने अल्पसंख्याकत्व राज्यनिहाय ठरेल असे सांगितले; त्यामुळे बेळगावातील मराठी भाषक कर्नाटकात भाषिक अल्पसंख्याक ठरतात, तर पुण्यात ठरत नाहीत. या निकालाचा अर्थ प्रत्येक राज्याने आपापल्या सोयीने लावला. म्हणून इस्लामिक अकॅडमी ऑफ एज्युकेशन विरुद्ध कर्नाटक राज्य (१४ ऑगस्ट २००३) या खटल्यात पाच न्यायाधीशांनी प्रवेश व शुल्क यांवर देखरेख ठेवणाऱ्या, निवृत्त उच्च न्यायालय न्यायाधीशांच्या समित्या नेमण्यास सांगितले. त्यानेही वाद मिटला नाही. अखेरीस पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१२ ऑगस्ट २००५) या खटल्यात सात न्यायाधीश बसले. या दोन्ही खटल्यांची नावे मुस्लिम शिक्षणकार्याशी जोडलेली आहेत. इनामदार हे पुण्याच्या महाराष्ट्र कॉस्मोपॉलिटन एज्युकेशन सोसायटीचे अध्वर्यू. त्यामुळे इनामदार निकाल आपल्या वर्तुळात बहुधा विजयाचा निकाल म्हणून सांगितला जातो. विनाअनुदानित संस्थांवर राज्याला आपला कोटा लादता येणार नाही, हा त्यातील भाग सर्वांना पाठ आहे.

त्याच निकालातील दुसरा भाग तितका उद्धृत होत नाही. कॅपिटेशन फी कोणत्याही रूपात घेता येणार नाही, प्रवेश पारदर्शक व गुणाधिष्ठित असला पाहिजे, ही अट अल्पसंख्याक आणि बिगरअल्पसंख्याक अशा दोन्ही संस्थांना सारखीच लागू केली गेली. एनआरआय जागांविषयी न्यायालयाने सांगितले की या नावाखाली प्रवेश घेणारे विद्यार्थी वा त्यांचे पालक पुष्कळदा परदेशस्थ नसतातच; जास्त पैसे देऊ शकणाऱ्या, कमी गुणांच्या मुलांना आत घेण्याचा तो मार्ग झाला आहे. म्हणून या जागा १५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केल्या, त्या खऱ्या परदेशस्थांच्या मुलांनाच द्याव्यात आणि त्यातून आलेला पैसा दुर्बल घटकांच्या शिक्षणासाठी वापरावा, असे बंधन घातले. यानंतर 'एनआरआय' शब्दाची व्याख्या कशी ताणली गेली, हे वेगळे सांगायला नको. काका, मामा, आत्या, मावशी, दूरचा भाऊ : कोणी दुबईत असला की भाच्याचा अर्ज तयार. पंजाब सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये ही व्याख्या अधिकृतपणेच अशा नातेवाइकांपर्यंत वाढवली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार निव्वळ फसवणूक असल्याचे सांगून राज्याचे अपील फेटाळले.

राज्यघटनेच्या कलम ३० ने दिलेला अधिकार समाजाचा आहे, संस्थेच्या कार्यकारिणीचा नव्हे. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले की देशातील नामवंत महाविद्यालयांत पदवीच्या दर पंचवीस विद्यार्थ्यांत एक मुसलमान, आणि पदव्युत्तर वर्गात दर पन्नासांत एक. असे असताना अल्पसंख्याक महाविद्यालयातील एखादी जागा सधन बापाला विकली गेली, मग तो बाप आपल्या जमातीचा असो वा बाहेरचा, तर ती यादीत खालून चढत आलेल्या मुलाच्या हिश्श्यातून गेलेली असते. विणकराची मुलगी प्रतीक्षा यादीत राहते. तिचे नाव कोणत्याही खटल्यात येत नाही.

खुली विक्री अवघड होत गेली, तसा पैसा परीक्षेकडे वळला. मध्य प्रदेशात तर त्याने दोन्ही दारे एकदम धरली. तेथे १९७० मध्ये वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी मंडळ स्थापन झाले. १९८२ मध्ये अभियांत्रिकीचे मंडळ त्यात मिळून व्यावसायिक परीक्षा मंडळ, म्हणजे 'व्यापम', तयार झाले. सरकारी जागांसाठी व्यापमची पीएमटी आणि खासगी महाविद्यालयांच्या जागांसाठी त्यांच्याच संघटनेची 'डीमॅट' परीक्षा, अशी विभागणी झाली. डीमॅटवरही पैशाच्या व्यवहाराचे आरोप झाले. राज्याने २००७ मध्ये खासगी संस्थांतील प्रवेश व शुल्काचे नियमन करणारा कायदा केला, तेव्हा इंदूरच्या एका खासगी दंतवैद्यकीय महाविद्यालयासह अनेक संस्थांनी त्याला आव्हान दिले. मॉडर्न डेंटल कॉलेज खटला या नावाने ते प्रकरण ओळखले जाते. पाच न्यायाधीशांच्या पीठाने २ मे २०१६ रोजी कायदा कायम केला. या काळात सरकारी परीक्षेचे दार आतून पोखरले गेले होते.

ते उघडकीस आले जुलै २०१३ मध्ये. पीएमटीच्या आदल्या दिवसांत इंदूर पोलिसांनी दुसऱ्यांच्या नावाने परीक्षेला बसण्यासाठी आलेल्या तरुणांना पकडले. तपासातून तीन मुख्य पद्धती समोर आल्या. पहिली साधी : उमेदवाराच्या जागी भलताच हुशार तरुण बसवायचा; २००३ च्या चित्रपटामुळे हिंदी वृत्तपत्रे त्याला 'मुन्नाभाई' म्हणू लागली. दुसरी 'इंजिन-बोगी' : हुशार 'स्कोरर'ला इंजिन करून त्याच्या मागेपुढे पैसे दिलेल्या उमेदवारांच्या बोगी जोडायच्या, आणि त्यासाठी मंडळाच्या संगणकावरच आसनक्रमांक तसे लावायचे. तिसरी पद्धत सर्वांत थंड डोक्याची होती. उमेदवाराने ओएमआर उत्तरपत्रिकेतील न येणारी वर्तुळे कोरी सोडायची. ती नंतर मंडळाच्या कार्यालयात भरली जात. शिवाय खासगी महाविद्यालयांतील सरकारी कोट्याच्या जागांवर स्कोररना प्रवेश घ्यायला लावायचा, त्यांनी शेवटच्या दिवशी जागा सोडायची आणि रिकामी झालेली जागा महाविद्यालयाने विकायची, असा आणखी एक धंदा चालला होता. स्कोररांमध्ये उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानातील वैद्यकीय विद्यार्थी होते. म्हणजे गरीब घरातून गुणांवर वर आलेला मुलगा श्रीमंताच्या मुलासाठी भाड्याने मिळत होता. या साऱ्या प्रकरणातील सर्वांत दुःखद तपशील हाच मानला पाहिजे.

ग्वाल्हेरच्या गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थी अटकेत गेले, काही पालकही गेले. प्रकरणाशी संबंधित अनेकांचे मृत्यू झाले. त्यांत वार्तांकनासाठी गेलेला दूरचित्रवाणीचा एक पत्रकारही होता. ९ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला.

विद्यार्थ्यांच्या पदव्यांचा प्रश्न त्यानंतर आला. २००८ ते २०१२ या वर्षांत गैरमार्गाने प्रवेश मिळवलेल्या ६३४ जणांचा हा प्रश्न होता. मे २०१६ मध्ये दोन न्यायाधीशांची मते भिन्न झाली. न्यायमूर्ती चेलमेश्वर यांचे म्हणणे असे की, दोष मान्य केला तरी देशाला डॉक्टर हवे आहेत. या मुलांना शिक्षण पुरे करू द्यावे आणि बदल्यात पाच वर्षे सैन्यदलात केवळ निर्वाहभत्त्यावर सेवा घ्यावी. काही जण प्रवेशाच्या वेळी अल्पवयीन होते, हा मुद्दाही पुढे आला. न्यायमूर्ती सप्रे यांनी ते मानले नाही. तीन न्यायाधीशांच्या पीठाने १३ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्व ६३४ प्रवेश रद्दच ठरवले. फसवणुकीने मिळालेले फळ समाजहिताच्या नावाखाली राखता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. निकाल योग्यच होता. परंतु सतरा-अठरा वर्षांच्या मुलाजवळ लाखो रुपये कोठून येतात, दलालाशी बोलणी कोण करते, पहिला हप्ता कोण देते, या प्रश्नांना त्या दिवाणी स्वरूपाच्या वादात जागा नव्हती. मुलाची पदवी गेली. ज्याने ती विकत घेतली त्याचे त्या निकालाने काही गेले नाही.

उत्तर त्याच वर्षी एका आरोपपत्रात मिळाले. २०१२ च्या पीएमटीसंबंधी सीबीआयने नोव्हेंबर २०१७ मध्ये ५९२ जणांविरुद्ध आरोपपत्र दाखल केले. त्यात ३३४ सॉल्व्हर व लाभार्थी उमेदवार, ४६ पर्यवेक्षक, चार खासगी वैद्यकीय महाविद्यालयांशी संबंधित २६ जण, २२ दलाल, व्यापमचे चार अधिकारी, टोळीचे तीन सूत्रधार, वैद्यकीय शिक्षण खात्यातील दोन अधिकारी, आणि १५५ पालक होते. आरोपपत्र म्हणजे दोषसिद्धी नव्हे, ही मर्यादा ध्यानात ठेवूनही हा आकडा इतिहासाच्या अभ्यासकाला थांबवतो. आरोपींपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक पालक, दलालांच्या सातपट. ज्याला टोळीचा गुन्हा म्हटले गेले, तो इतक्या घरांतल्या बैठकीच्या खोल्यांतही ठरला होता, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे.

या खोल्यांत काय बोलले जात असेल, याची नोंद भारतीय कागदपत्रांत फारशी मिळत नाही. अमेरिकेतील एका प्रकरणात ती मिळते, कारण तेथे तपास यंत्रणेने पालकांची दूरध्वनी संभाषणे ध्वनिमुद्रित केली. १२ मार्च २०१९ रोजी बोस्टनमध्ये ५० जणांवर आरोप जाहीर झाले. त्यांत ३३ पालक होते. कॅलिफोर्नियातील प्रवेश-सल्लागार विल्यम सिंगर २०११ पासून सुमारे अडीच कोटी डॉलर गोळा करत होता. त्याचा हिशेब असा : पुढचे दार गुणांचे, मागचे दार विद्यापीठाला दिलेल्या प्रचंड देणगीचे, आणि आपण उघडतो ते बाजूचे दार. बाजूच्या दारात अपंगत्वाचे दाखले मिळवून परीक्षेत जादा वेळ घेतला जाई, फितूर पर्यवेक्षक नंतर उत्तरे दुरुस्त करी, आणि कधीही न खेळलेला मुलगा खेळाडू म्हणून दाखवला जाई. पुष्कळ मुलांना आपल्या नावावर काय चालले आहे हे माहीतही नव्हते. एका नामांकित वकील-पालकाने फोनवर सल्लागाराला सांगितले की त्याला नैतिक बाजूची काळजी नाही. मुलगी पकडली गेली तर काय, एवढीच आहे. अभिनेत्री फेलिसिटी हफमन हिने १५,००० डॉलर दिले होते. तिला १४ दिवसांची कैद झाली. पैसा आणि प्रतिष्ठेने आधीच वाकलेल्या व्यवस्थेत तिने आणखी एक फायदा घेतला, असे शिक्षा सुनावताना न्यायाधीश इंदिरा तलवानी यांनी म्हटले. सिंगरला जानेवारी २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. मागच्या दाराची देणगी मात्र तेथे गुन्हा ठरली नाही. ती इमारतीवरच्या नावात दिसते.

भारतात एव्हाना सर्व वैद्यकीय प्रवेश 'नीट' या एकाच परीक्षेवर आले होते. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अल्पसंख्याक संस्थांनाही बंधनकारक ठरवली. त्यामुळे आपल्या संस्था व पालक यांच्यामधील जुनी थेट बोलणी पुष्कळ कमी झाली, आणि हे चांगलेच झाले. परंतु देशभरच्या जागा एका परीक्षेवर आल्या की त्या एका परीक्षेची किंमतही वाढते. ५ मे २०२४ च्या परीक्षेची प्रश्नपत्रिका पाटणा आणि हजारीबागमध्ये फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. तेथून थेट लाभ मिळालेले सुमारे १५५ विद्यार्थी असल्याचे सीबीआयच्या तपासाच्या आधारे नोंदले गेले. फेरपरीक्षा मात्र न्यायालयाने २३ जुलै २०२४ रोजी नाकारली. गुजरातमधील गोध्र्याचे प्रकरण वेगळे होते. तेथे उमेदवारांना सांगितले होते, असा आरोप आहे, की येत असतील तेवढी उत्तरे लिहा आणि उरलेली वर्तुळे कोरी सोडा. ती केंद्रावर नंतर भरली जातील. इंदूरच्या तपासातली तीच पद्धत अकरा वर्षांनी पुन्हा. वडोदऱ्यातील एका शिक्षण-सल्लागारास अटक झाली, तेव्हा तपासात पालकांनी दिलेले कोरे धनादेशही सापडले. रकमेची जागा रिकामी, सही तेवढी केलेली.